दोघी बहिणी, दोन माईक : वाचकांचे प्रश्न

मिलानच्या पाओला आणि कियारा येत्सी या दोन गायक बहिणींबद्दल मागच्या अंकात थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर कोकणातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच : ‘आम्हीही दोघी गातो, पुढे काय?’ गणपतीच्या कार्यक्रमांची तयारी आता सुरू होईल, म्हणून त्यातली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांनी यातच उत्तर शोधावं.

रत्नागिरीहून एक वाचक : या बहिणी १९९७ मध्ये सानरेमो महोत्सव जिंकल्या असं एकीकडे वाचलं. दुसरीकडे २०२३ मध्ये त्यांचा सतरावा नंबर आला असं सापडलं. खरं काय? आणि उन्हाळ्यात एक गाणं गाजलं नि मग गायब झाल्या, एवढीच त्यांची गोष्ट का?

उत्तर : दोन्ही खरं आहे. सानरेमो हे इटलीतल्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावरचं गाव. तिथे १९५१ पासून गाण्यांची स्पर्धा भरते आणि त्यात नाव झालेल्यांचा गट वेगळा, नवोदितांचा वेगळा. १९९७ मध्ये ‘आमीची कोमे प्रीमा’ हे गाणं पहिलं आलं ते नवोदितांत. दुसऱ्या वर्षी त्या ‘पेर ते’ घेऊन मोठ्या गटात उतरल्या, २००५ मध्ये ‘आ मोदो मीओ’ घेऊन परत आल्या आणि २०२३ मध्ये ‘फुरोरे’ गायल्या, तेव्हा २८ स्पर्धकांत सतराव्या ठरल्या. तो नंबर ऐकून नाक मुरडू नका. दहा वर्षं एकत्र न गायलेल्या दोघींना पुन्हा उभं करायला तेवढं एक गाणं पुरलं.

गोष्टीची सुरुवात मात्र स्पर्धेच्या आधीची आहे. नव्वदीच्या मध्यावर दोघी माक्स पेत्साली यांच्या ‘८८३’ या गाजलेल्या बँडमागे उभं राहून कोरस द्यायच्या. आपल्याकडच्या भजनी मंडळात बुवांच्या मागे झील धरतात, तसलंच काम. नाव दुसऱ्याचं, पट्टी दुसऱ्याची, श्वास कुठे घ्यायचा तेही दुसरा ठरवणार. या कामात दोन गोष्टी पक्क्या होतात. शब्दाचा शेवट दोघींचा एकाच क्षणी तुटतो, आणि आपला आवाज मुख्य आवाजाच्या खाली ठेवायची सवय लागते. पुढे स्वतःची गाणी करताना त्यांना हे नव्याने शिकावं लागलं नाही.

पहिला अल्बम ‘ची कियामानो बाम्बीने’ १९९७ चा आणि ‘जोर्नाता स्तोरिका’ १९९८ चा. त्या काळातलं संगीत गिटारवर चालणारं, आयर्लंडच्या लोकसंगीताची छाप असलेलं. मग २००० मध्ये ‘टेलिव्हिजन’ आला आणि सगळं पालटलं : लॅटिन ठेका, नाचायचं धृपद, नवे कपडे. त्यातलंच ‘वामोस आ बायलार’. शीर्षक आणि धृपदाची पकड स्पॅनिश, गाणं इटालियन. परदेशात त्यांना ओळखतात ते याच गाण्यामुळे, आणि तुमचा ‘उन्हाळ्यातलं एक गाणं’ हा समजही तिथलाच. पण त्यानंतर ‘फेस्टिव्हल’ (२००२), ‘ब्लू’ (२००४), ‘विन द गेम’ (२००७), ‘मिल्लेलूची’ (२०१०) आणि ‘जुंगला’ (२०१३) हे अल्बम आले. म्हणजे एकूण आठ स्टुडिओ अल्बम. २०१३ मध्ये जोडी फुटली. पाओला डीजे झाली, एकटीने गाऊ लागली. कियारा अभिनयाकडे वळली, एका टीव्ही मालिकेतही दिसली. ‘फुरोरे’नंतर २०२३ मध्येच ‘पेर सेम्प्रे’ हा अल्बम आला आणि २०२४ मध्ये पाओला इटलीच्या ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेची परीक्षक झाली.

आमच्या मते त्यांच्याकडून घ्यायचं ते झील धरण्याचं शिक्षण. २००० चा पालट सगळ्यांना दिसतो म्हणून नकलेला सोपा वाटतो, पण त्यामागे निर्माते होते, कंपनीचा पैसा होता, व्हिडिओ होते. झील धरायला मात्र गावातलं भजनी मंडळ पुरतं.

मालवणहून दोघी बहिणी : आमचा आवाज इतका सारखा की फोनवर आईलाही कळत नाही कोण बोलतंय. कार्यक्रमात दोघी एकच चाल गातो. परवा वाडीत एक काका म्हणाले, ‘दोघींनी एकच ता गावचा, मगे दोन माईक कित्याक होये?’ गाणं वाटून कसं घ्यायचं?

उत्तर : काकांनी नेमकं दुखणं पकडलं. सारख्या आवाजाच्या दोघींनी एकच सूर लावला की ऐकणाऱ्याला एकच जाड आवाज ऐकू येतो. तो धृपदाला शोभतो, कडव्यात गोष्ट सांगायला नाही. म्हणून कडवं एकीने गायचं, दुसरं कडवं दुसरीने, आणि दुसरा सूर धृपदाच्या दुसऱ्या फेरीपासून आणायचा. पूर्ण गाण्याचा साधारण तिसरा हिस्सा दोन सुरांत असला की पुष्कळ झालं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन सूर ठेवले तर तिसऱ्या मिनिटाला कान त्याकडे लक्ष देणं सोडतो.

दुसरा सूर शोधायची साधी रीत अशी. मुख्य चाल बिलावलासारखी सगळ्या शुद्ध सुरांची असेल तर एक सूर सोडून वरचा घ्यायचा : सा वर ग, रे वर म, ग वर प, म वर ध. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. फसतं ते पंचमावर. हार्मोनियमवाला सा-ग-प धरून बसलेला असतो, मुख्य आवाज प वर असतो आणि नियमाप्रमाणे दुसरी नी लावते. तो नी वाद्यातल्या सा ला खटकतो आणि दोघींना वाटतं आपण बेसूर झालो. बेसूर कुणीच नसतं, नियम तिथे लागू होत नाही एवढंच. पंचमावर नी ऐवजी वरचा सा घ्या. खालून गात असाल तर हीच अडचण षड्जावर येते : सा खाली ध न लावता मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, प लावा. थोडक्यात, ज्या सुरावर मुख्य आवाज थांबतो तिथे दुसरीने वाद्यात वाजत असलेलाच एखादा सूर धरायचा. चाल धावत असते तेव्हा मधले सूर खटकले तरी कान माफ करतो.

भूप अंगाच्या गाण्यात वेगळी काळजी. तिथे म आणि नी नाहीतच. रे वर म लावलात की राग मोडला. म्हणून सुरांचं अंतर न मोजता रागातला एक सूर गाळून पुढचा घ्या : सा वर ग, रे वर प, ग वर ध, प वर सां, ध वर रें. यातलं पहिलं सोडलं तर बाकीची अंतरं मध्यमाची, म्हणजे सा ते म एवढी, होतात, त्यामुळे आवाज थोडा उघडा, लोकगीतासारखा वाटतो. कोळीगीतांना तो फार छान बसतो. कोमल स्वरांच्या भारदस्त रागातल्या नाट्यपदांवर हा प्रयोग करू नका. तिथे एकीने गावं, दुसरीने नुसता सा धरावा. बहिणींची जोडी रागदारी कशी सांभाळते ते ऐकायचं तर रंजनी-गायत्री यांचे मराठी अभंग ऐका. तिथे दोन सुरांची थर-रचना जवळपास नाही. एकीची ओळ संपायच्या आत दुसरी तिथूनच उचलते आणि जोड कुठे लागला ते कळत नाही.

पट्टी ठरवताना दोघींचा वरचा सूर तपासा, सा नव्हे. काळी चारमध्ये मुख्य चाल तार मध्यमापर्यंत जात असेल तर वरची जोड तार धैवतापर्यंत ओढली जाईल आणि किंचाळल्यासारखी होईल. असं गाणं एक-दोन पट्ट्या खाली घ्या, नाहीतर दुसरा सूर वरून न घेता खालून घ्या.

सराव करताना तानपुरा ॲप लावा, एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहा आणि दोन वेगळ्या फोनवर आपापला आवाज रेकॉर्ड करा. समोरासमोर गाताना एक दुसरीच्या ओठांकडे बघून पाव मात्रा मागे गाते आणि दोघींना ते कळत नाही. पाठमोरं गायलं की चूक उघडी पडते. स, श, च यांनी संपणारा शब्द आला की शेवटचं व्यंजन एकीनेच म्हणायचं, दुसरीने स्वरावरच थांबायचं. नाहीतर स्पीकरमधून ‘स्-स्’ असा दुहेरी फुत्कार येतो. श्वासाच्या जागा वहीत ओळीवर उभी रेघ मारून ठरवा. या जागा दोघींच्या एकच असाव्यात, फक्त लांब सुरावर त्या मुद्दाम वेगळ्या ठेवा म्हणजे सूर तुटत नाही.

आता माईक दोन हवेतच. ध्वनिवाल्याला सांगा, मुख्य आवाजापेक्षा जोडीचा आवाज साधारण तीन डेसिबलने खाली ठेव आणि कडवं बदललं की अदलाबदल कर. आणि त्याला एको अर्ध्यावर आणायला लावा. आपल्याकडे एको भरपूर लावला की कार्यक्रम मोठा वाटतो अशी समजूत आहे, पण दोन सुरांच्या गाण्यात मागच्या शब्दाचे दोन सूर पुढच्या शब्दाच्या दोन सुरांवर सांडतात आणि चार सुरांचा चिखल होतो.

गुहागरहून एक वाचक : आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माईक वर्ष-दोन वर्षांत करकरायला लागतात, वायरी बदलून थकलो. शिवाय स्पीकर शिट्टी मारतो ते वेगळंच.

उत्तर : करकर बहुतेक वेळा माईकच्या आतली नसते, जोडाची असते. खारी हवा एक्सएलआर (माईकच्या वायरीचा तीन पिनांचा जोड) आणि जॅकच्या पिनांवर बसते, वर पातळ थर धरतो आणि वायर हलली की संपर्क तुटतो-जुळतो. नव्वद टक्क्यांच्या वर ताकदीचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, दोन-तीन वेळा खुपसून-काढून बघा. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करा. कुलपात घालायचं तेल इथे नको. त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी दुप्पट करकर.

माईकची जाळी फिरवून निघते. ती कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. आतला स्पंज ओला असताना बसवली तर थुंकीचा वास आणि बुरशी दोन्ही मिळतात. माईकच्या बुडाला, म्हणजे जाळीखालच्या भागाला, पाणी लागू देऊ नका. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या. रंग पालटला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. घरच्या कार्यक्रमासाठी डायनॅमिक माईकच (स्टेजवरचा नेहमीचा दणकट प्रकार) घ्या. कंडेन्सर माईक स्टुडिओत उत्तम, पण जुलैच्या दमट हवेत त्याच्या पडद्यावर ओल धरली की तडतड सुरू होते.

शिट्टीचं कारण बहुधा हातात असतं. जाळी मुठीत धरली की माईकची मागून ऐकू न येण्याची क्षमता संपते आणि समोरच्या मॉनिटरचा, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज परत आत शिरतो. जाळीखालीच पकडा. माईक कार्डिऑइड (मागचं सगळ्यात कमी ऐकणारा) असेल तर मॉनिटर बरोब्बर त्याच्या शेपटीसमोर ठेवा. सुपरकार्डिऑइड (मागच्या दोन बाजूंचं सगळ्यात कमी ऐकणारा) असेल तर थोडा बाजूला. दोघींच्या माईकमधलं अंतर तोंड-माईक अंतराच्या किमान तिप्पट असू द्या. तोंडापासून वीस सेंटीमीटरवरून गात असाल तर माईक साठ सेंटीमीटर दूर हवेत. नाहीतर एकीचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये किंचित उशिरा पोचतो आणि दोन्ही मिळून डब्यातून आल्यासारखं पोकळ वाटतं. त्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटरवरून गा आणि मिक्सरवर शंभर हर्ट्झखालचा भाग कापा. बायकांच्या आवाजात त्याखाली काही नसतं. असते ती वाऱ्याची आणि स्टेजच्या फळ्यांची धडधड.

घुमत राहणारा ‘हूंऽऽ’ आला तर तो विजेचा. मिक्सर एका घरातून आणि कीबोर्ड दुसऱ्या घरातून जोडला की अर्थिंग दोन ठिकाणी जातं. सगळं एकाच बोर्डवरून घ्या, कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लावा, ‘ग्राउंड लिफ्ट’ म्हणजे ऑडिओ वायरीतला अर्थचा जोड तोडणारं बटण असलेली. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवणारे महाभाग आहेत. ओल्या अंगणात लोखंडी माईक ओठांना लावून उभ्या असलेल्या मुलीच्या जिवाशी तो खेळ आहे, करू देऊ नका.

अलिबागहून एक आई : माझ्या दोन मुली गेली काही वर्षं मिळून गातात. आता मानधन मिळू लागलं आणि कुरबुरीही सुरू झाल्या. ‘घरातलाच पैसा आहे, लिहायचं काय?’ असं मुलींच्या वडिलांचं म्हणणं.

उत्तर : लिहायचंच. येत्सी बहिणींसारख्या सतरा वर्षं एकत्र गाणं केलेल्यांचीही जोडी २०१३ मध्ये थांबली, आणि त्या जोडीच्या नावावर, जुन्या गाण्यांवर पुढे दोघींचा हक्क काय हा प्रश्न अशा वेळी उभा राहतोच. मुली भांडत नाहीत तोवरच कागद करून घ्या. एक पान पुरे : जोडीचं नाव दोघींचं, एकटीने कार्यक्रम केला तर ते नाव वापरायचं की नाही, नवीन गाण्यात शब्द कुणाचे, चाल कुणाची, ते त्याच दिवशी टक्क्यांत, यूट्यूबचा पासवर्ड आणि बँक खातं कुणाकडे, एकीने थांबायचं ठरवलं तर आधी घेतलेल्या सुपाऱ्यांचं काय.

हिशोब असा करा. समजा वीस हजार मिळाले. गाडीचे तीन हजार, तीन वादकांचे प्रत्येकी तीन म्हणजे नऊ हजार आधी काढा. उरले आठ. एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे दोन हजार, माईक-वायरींच्या गल्ल्यात. राहिलेले सहा दोघींत निम्मे. मुख्य आवाज कुणाचा हे या वाटणीत आणू नका. एका गाण्यात ती मुख्य, दुसऱ्यात ही. शब्द आणि चाल यांचा हिस्सा मात्र वेगळा ठेवा, कारण तो कार्यक्रमाच्या पैशात नसतो. स्वतःची गाणी होत असतील तर दोघींनी गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देऊन मानधन गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्यावं आणि प्रत्येक गाणं हिश्शांसह नोंदवावं. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे कुणी शोधत येत नाही.

कुरबुरीचं मूळ कधी कधी पैशात नसतं. एकीलाच सतत खालचा सूर मिळतो, ती कधी टाळ्यांच्या ओळीवर नसते. पुढच्या कार्यक्रमाची यादी करताना कोण कुठे मुख्य, ते समोर लिहून बघा. दहापैकी आठ गाणी एकीकडे असतील तर वडिलांना ते पान दाखवा.

देवगडहून एक मंडळ : ‘वामोस आ बायलार’च्या चालीवर आंब्याच्या मोसमाचे मालवणी शब्द बसवलेत. गणेशोत्सवात गाऊ का? लायसन लागतं का?

उत्तर : इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. मूळ गाणं जसंच्या तसं गाणं हा पहिला. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे हौशी मंडळाने तिकीट न लावता, फुकट बसलेल्या प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. धार्मिक विधीच्या ओघात म्हटलेल्या गाण्यालाही आहे. मानधन घेऊन आलेला ऑर्केस्ट्रा हौशी नसतो आणि रात्रीचा करमणुकीचा कार्यक्रम म्हणजे आरती नव्हे, म्हणून तिथे आयोजकाने आयपीआरएसचा परवाना घ्यावा. रेकॉर्ड केलेलं मूळ गाणं वाजवायचं तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचाही वेगळा परवाना लागतो.

चालीवर स्वतःचे शब्द बसवणं ही वेगळी गोष्ट. ते रूपांतर होतं आणि कोणताही कार्यक्रमाचा परवाना ते झाकत नाही. त्यासाठी चाल ज्यांच्या हक्कात आहे त्या प्रकाशकाची लेखी परवानगी हवी. मंडपात कुणी अडवणार नाही कदाचित, पण व्हिडिओ यूट्यूबवर चढवलात की चाल ओळखली जाते आणि जाहिरातीचे पैसे तरी जातात, नाहीतर व्हिडिओच. शब्द चांगले असतील तर ते वाया का घालवता? गावातल्या हार्मोनियमवाल्याला तोच ठेका द्या, पण धृपदाची ओळ खालून वर न नेता वरून खाली आणायला सांगा, आणि तुमचंच गाणं तयार करा. आंबा तुमचा, चालही तुमची असू द्या.

आणखी एक. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांची यादी जिल्ह्यातून जाहीर होते, ती पोलीस ठाण्यात विचारून घ्या. तुमचा दिवस त्या यादीत नसेल तर तुमचं गाणं साडेनऊच्या आत लावा. सत्कार आणि भाषणं शेवटी ठेवा, ती माईकशिवायही होतात.